शोधयंत्राची खातेवही

'मंगळ' हा साधा तीन अक्षरी शब्द घ्या. तुमच्यापैकी एखाद्याने तो मोबाईलवर लिहून शोध घेतला, तर त्याला बहुधा तांबडा ग्रह हवा असतो; त्याचे दोन चंद्र, किंवा २४ सप्टेंबर २०१४ रोजी त्याच्या कक्षेत शिरलेले आपले मंगळयान. पण शेजारच्या घरात लग्नाची बोलणी चालू असतील, तर तेथील वडीलधाऱ्या मंडळींना त्याच तीन अक्षरांतून भलताच मंगळ हवा असतो, तो कुंडलीतला! विज्ञानाच्या दृष्टीने त्या दुसऱ्या मंगळाला काही अर्थ नाही, ही गोष्ट वेगळी. पण शब्द एक आणि विचारणारे दोन, असा पेच पडला की सर्च इंजिनने, म्हणजे आपण ज्याला शोधयंत्र म्हणू त्याने, काय करावे?

सर्वांना एकच यादी द्यावी, हा एक मार्ग. विचारणारा कोण आहे हे ओळखून त्याच्या त्याच्या मनाजोगती यादी द्यावी, हा दुसरा. गेल्या वीस वर्षांत मोठ्या शोधयंत्रांनी कमीअधिक प्रमाणात दुसरा मार्ग धरला. त्यामुळे सोय झाली, आणि काही प्रश्नही उभे राहिले. ते प्रश्न किती खरे आणि किती फुगवलेले, हे मोजमाप करून पाहिले पाहिजे. आपला विषय भौतिकशास्त्राचा नसला, तरी मोजण्याची पद्धत तीच आहे.

आधी शोधयंत्र काम कसे करते ते थोडक्यात पाहू. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते. 'घर्षण' पाहायचे तर आपण ग्रंथ पहिल्या पानापासून वाचत नाही. सूचीत 'घर्षण' काढतो आणि दिलेली पाने उघडतो. शोधयंत्र हेच करते. त्याचे संगणक आधीच इंटरनेटवरील पानांवरून फिरून येतात, एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्यावर जातात आणि कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची प्रचंड सूची तयार करतात. तुम्ही शब्द लिहिता तेव्हा यंत्र इंटरनेट शोधत नसते, स्वतःची सूची चाळत असते. म्हणून तर उत्तर अर्ध्या सेकंदात येते.

अडचण पुढेच आहे. सूचीत 'मंगळ' शब्दाची लाखो पाने सापडली, तर पहिले कोणते दाखवायचे? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी यावर एक सुंदर युक्ती काढली. ज्या पानाकडे इतर पुष्कळ पाने बोट दाखवतात ते पान महत्त्वाचे. आणि बोट दाखवणारी पानेही महत्त्वाची असतील, तर ते अधिकच महत्त्वाचे. गावात चार जाणती माणसे ज्या वैद्याचे नाव सांगतात त्याच्याकडे आपण जातो, तसेच हे. १९९८ साली या युक्तीवर गूगल कंपनी उभी राहिली. गंमत अशी की त्याच वर्षीच्या आपल्या निबंधात या दोघांनी इशारा दिला होता, की जाहिरातींच्या पैशावर चालणारे शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकणार आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाणार. पुढे त्यांची स्वतःची कंपनी जाहिरातींच्याच पैशावर जगातील सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक झाली!

या युक्तीत विचारणारा कोण आहे याला स्थान नव्हते. ते स्थान हळूहळू आले. खाते उघडून आत शिरलेल्या माणसांपुरती आवडीप्रमाणे यादी देण्याची सोय आधी झाली, आणि ४ डिसेंबर २००९ रोजी गूगलने जाहीर केले, की ती सर्वांनाच लागू होईल. खाते नसले तरी. खाते नसलेल्याला ओळखायचे कसे? त्यासाठी 'कुकी' नावाची चिठ्ठी उपयोगी पडते. सायकल स्टँडवर सायकल ठेवली की आपल्याला बिल्ला मिळतो. राखणदाराला आपले नाव ठाऊक नसते, पण बिल्ला दाखवला की सायकल कोणती ते कळते. संकेतस्थळ असाच एक क्रमांक तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवून देते आणि पुढच्या भेटीत तो वाचते. नेटस्केप कंपनीत ल्यू माँटुली यांनी १९९४ मध्ये ही योजना केली, तेव्हा हेतू एवढाच होता, की दुकानाच्या संकेतस्थळाला गिऱ्हाइकाची टोपली लक्षात राहावी. गूगलने बिल्ल्याच्या आधारे १८० दिवसांपर्यंतचे शोध विचारात घ्यायचे ठरवले. म्हणजे नाव नसले तरी प्रत्येक बिल्ल्यामागे एक खातेवही उघडली गेली.

२०११ मध्ये ईलाय परायझर या अमेरिकन कार्यकर्त्याने या गोष्टीला एक नाव दिले: 'फिल्टर बबल'. फिल्टर म्हणजे गाळणी आणि बबल म्हणजे बुडबुडा. यंत्र तुमच्या आवडीची गाळणी लावते, तुम्हाला तुमच्याच मताची माहिती मिळत राहते, आणि तुम्ही नकळत एका पारदर्शक बुडबुड्यात राहू लागता, असे त्याचे म्हणणे. त्याने दोन मित्रांना एकाच वेळी 'इजिप्त' हा शब्द शोधायला सांगितला. तेव्हा त्या देशात जनतेचा उठाव चालू होता. एकाच्या पानावर उठावाच्या बातम्या भरपूर आल्या, दुसऱ्याच्या पहिल्या पानावर त्यांचा पत्ताच नव्हता. उदाहरण चटकदार आहे, आणि ते जगभर गाजले. पण दोन माणसांचा एक प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, हे दहावीच्या प्रयोगवहीतसुद्धा आपण शिकतो.

असे होऊ शकते का, हे तपासायला एक मडके पुरेसे आहे. मडक्यात एक लाल व एक पांढरा मणी टाका. न पाहता एक मणी काढा, तो परत टाका आणि त्याच रंगाचा आणखी एक मणी आत घाला. असे करत करत शंभर मणी होऊ द्या. आता सांगा, लाल मणी किती असतील? बहुतेक जण म्हणतात, पन्नासच्या आसपास. वर्गात दहा गटांना दहा मडकी द्या आणि पाहा. एका मडक्यात लाल १२ निघतील, दुसऱ्यात ७१, तिसऱ्यात ९०! गणित असे सांगते, की १ पासून ९९ पर्यंत प्रत्येक संख्या सारखीच संभाव्य आहे.

विश्वास बसत नसेल तर पहिल्या दोन खेपा हाताने करून पाहा. पहिल्या खेपेस लाल येण्याची शक्यता १/२. आला, तर मडक्यात दोन लाल व एक पांढरा. आता पुन्हा लाल येण्याची शक्यता २/३. म्हणून तीन लाल होण्याची शक्यता १/२ × २/३ = १/३. तसेच तीन पांढरे होण्याची १/३. उरलेली १/३ दोन-दोनची. तिन्ही सारख्या! हंगेरीत जन्मलेले गणिती जॉर्ज पोल्या यांच्या नावाने हे मडके ओळखले जाते. एगनबर्गर यांच्यासह त्यांनी १९२३ मध्ये ते मांडले. नाणे शंभर वेळा उडवले, तर एकच बाजू ८० किंवा अधिक वेळा पडणे व्यवहारात अशक्यच. येथे मात्र एखादा रंग ८० किंवा त्याहून अधिक असण्याची शक्यता ४०/९९, म्हणजे जवळजवळ ४० टक्के आहे. मडक्याला कोणताही रंग अधिक आवडत नाही. सुरुवातीच्या दोन-चार खेपांत योगायोगाने जे घडले तेच पुढे वाढत गेले, इतकेच.

स्नेहसंमेलनात माईक कर्ण्यासमोर आला, की कसा कर्कश आवाज घुमतो ते तुम्ही ऐकले असेल. बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो, पुन्हा आत शिरतो. मडक्यातही बाहेर आलेला रंग आत भर घालतो. तुम्ही एका दुव्यावर बोट ठेवले, यंत्राने तशी पाने वर आणली, वर दिसली म्हणून तुम्ही पुन्हा त्यावरच बोट ठेवले, की तेच चक्र सुरू झाले. आणि 'वर दिसले म्हणून' हे मी उगाच म्हणत नाही. २००५ च्या सुमारास कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपून एक प्रयोग झाला. शोधाच्या यादीत पहिल्या व दुसऱ्या निकालांची अदलाबदल केली, तरी विद्यार्थी जास्त करून पहिल्या जागी असलेल्यावरच बोट ठेवत. निकालाचा दर्जा कमी झाला होता; जागा मात्र पहिली होती.

आता मुख्य प्रश्न. मडक्यात जे घडू शकते ते शोधयंत्रात प्रत्यक्ष घडते का? येथे मोजमाप हवे, आणि हे मोजमाप वाटते तितके सोपे नाही. समजा, तुम्ही व तुमच्या मित्राने एकच शब्द शोधला आणि याद्या वेगळ्या आल्या. यंत्राने तुम्हाला ओळखले म्हणून फरक पडला असे म्हणता येईल का? नाही! कदाचित मित्राने दहा मिनिटांनी शोधले आणि मधे बातमी बदलली. कदाचित तो नाशिकला आहे आणि तुम्ही सोलापूरला. कदाचित दोघांचे प्रश्न दोन वेगळ्या ठिकाणच्या संगणकांकडे गेले आणि त्यांच्या सूच्या किंचित वेगळ्या होत्या. शोधयंत्र चालवणारे लोक स्वतःही सतत प्रयोग करत असतात, काही लोकांना एक क्रम दाखवायचा व काहींना दुसरा. हा सगळा 'गोंगाट' वजा केल्याशिवाय खरा फरक कळणार नाही. तराजूची परडी रिकामी असताना काटा कोठे आहे ते आधी पाहावे लागते, त्यातलाच हा प्रकार.

अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये ही काळजी घेऊन प्रयोग प्रसिद्ध केला. २०० खऱ्या माणसांच्या खात्यांतून शोध घेतले गेले, आणि प्रत्येक शोधाच्या वेळी तोच शब्द संशोधकांनी कोऱ्या ओळखीनेही शोधला. दोन कोऱ्या शोधांतील फरक म्हणजे गोंगाट. त्याच्यावर जो फरक उरला तो ओळखीमुळे. तो भरला सरासरी ११.७ टक्के. म्हणजे दहा निकालांत एखादाच वेगळा. यादीच्या वरच्या भागात फरक कमी, खाली जास्त. मग त्यांनी कृत्रिम खाती उघडून एकेक गोष्ट बदलून पाहिली: वय, स्त्री की पुरुष, ब्राउझर, पूर्वीचे शोध. मोजण्याजोगा परिणाम दोनच गोष्टींचा निघाला. खात्यात शिरलेले असणे, आणि माणूस कोणत्या ठिकाणाहून शोधत आहे ते.

ठिकाणाचा परिणाम असणे रास्तच आहे. 'दवाखाना' असे शोधले तर कोल्हापूरच्या माणसाला कोल्हापूरचाच दवाखाना दिसावा. त्याला बुडबुडा म्हणून दूषण देण्यात अर्थ नाही.

मग आवडीनिवडींचे काय? २०१५ मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी अमेरिकेतील सुमारे १ कोटी वापरणाऱ्यांचा अभ्यास 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध केला. यंत्राच्या क्रमवारीमुळे विरुद्ध मताचा मजकूर कमी दिसतो खरा, पण समोर दिसूनही माणसे तो उघडत नाहीत हे अधिक मोठे कारण, असा त्यांचा निष्कर्ष. हा अभ्यास कंपनीच्याच माणसांनी केला होता, म्हणून तो जरा हात राखून घ्यावा हे बरे. पण २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये बाहेरच्या संशोधकांनी गूगलच्या शोधांविषयी जवळजवळ तेच सांगितले: यंत्र जेवढ्या एकांगी बातम्या दाखवते, त्यांहून एकांगी बातम्या माणसे स्वतः होऊन निवडतात. माझे मत असे, की शोधयंत्रापुरते पाहिले तर फिल्टर बबलची भीती बरीच वाढवून सांगितली गेली आहे. जेथे तुम्ही काहीच विचारत नाही आणि यंत्र आपण होऊन एकामागून एक चित्रफिती पुढे ढकलते, तेथे मडक्याचा खेळ अधिक जवळचा आहे. विचारण्यात निदान शब्द तुमचा असतो.

येथे कोणी म्हणेल, मग झाले तर! फरक थोडाच आहे, काळजी कसली? पण मघाची खातेवही आपण विसरलो. यादी बदलो वा न बदलो, वही लिहिली जातेच. मला विचाराल तर बुडबुड्यापेक्षा ही वहीच अधिक लक्ष देण्याजोगी आहे.

ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेतील एओएल कंपनीने संशोधकांच्या उपयोगासाठी सुमारे साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांतील जवळजवळ २ कोटी शोध इंटरनेटवर खुले केले. हेतू चांगला होता. नावे काढून टाकली होती. प्रत्येक माणसाच्या जागी फक्त एक क्रमांक होता. पण एकाच क्रमांकाचे सगळे शोध एकाखाली एक वाचले, तर काय दिसते? आपल्या गावातील माळी, आपल्या आडनावाची माणसे, आपल्या दुखण्यांची लक्षणे. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वार्ताहरांनी काही दिवसांतच एका क्रमांकामागील वयस्क बाई शोधून काढल्या आणि त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. कंपनीने माहिती मागे घेतली, पण तोवर तिच्या प्रती सर्वत्र पसरल्या होत्या. डॉक्टरला किंवा घरच्यांना विचारायला संकोच वाटतो ते माणूस शोधयंत्राला विचारतो. म्हणून ही वही वाण्याच्या उधारीच्या वहीपेक्षा नाजूक.

नाव नसताना माणूस ओळखता कसा येतो? मनातले नाव ओळखण्याचा खेळ तुम्ही खेळला असाल. 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर मिळणार. वर्गात ६४ मुले असतील आणि प्रत्येक प्रश्नाने उरलेल्यांचे बरोबर दोन भाग पडत असतील, तर ६ प्रश्नांत नाव सापडते, कारण २ चा सहावा घात ६४. अशा एका प्रश्नाच्या उत्तरातून मिळणाऱ्या माहितीला एक 'बिट' म्हणतात. आता सगळ्या जगातून एक माणूस शोधायला किती बिट लागतील? २ चा तेहतिसावा घात सुमारे ८५९ कोटी होतो, आणि जगाची लोकसंख्या २०२२ च्या अखेरीस ८०० कोटींवर गेली. म्हणजे अवघे ३३ प्रश्न!

आपल्या देशासाठी हिशेब करून पाहू. भारताची लोकसंख्या सुमारे १४० कोटी धरा. पोस्टाचे पिनकोड साधारण १९ हजार आहेत. म्हणजे एका पिनकोडात सरासरी ७४ हजार माणसे. आता जन्मतारीख घ्या. वर्षाचे ३६५ दिवस, आणि वये ढोबळमानाने ६० वर्षांत पसरली आहेत असे मानले, तर २१,९०० तारखा. ७४ हजारांना २१,९०० ने भागले की उरतात तीन-साडेतीन माणसे. स्त्री की पुरुष एवढे कळले, की दीड-दोन. ना नाव, ना पत्ता, ना फोटो. आणि माणूस जवळजवळ हातात आला! हा हिशेब ढोबळ आहे, कारण सर्व पिनकोडांत माणसे सारखी नसतात. अमेरिकेत लटान्या स्वीनी यांनी २००० साली खऱ्या जनगणनेच्या आकड्यांवरून असाच हिशेब केला, तेव्हा तेथील ८७ टक्के लोक याच तीन गोष्टींवरून एकमेव ठरण्याजोगे निघाले.

बिल्ला फेकून दिला, म्हणजे कुकी पुसली, तरी सुटका होते असे नाही. तुमच्या ब्राउझरची आवृत्ती, पडद्याची लांबी-रुंदी, संगणकातील अक्षरवळणे, घड्याळाचा प्रदेश, ही प्रत्येक गोष्ट थोडे थोडे बिट देते. २०१० मध्ये पीटर एकर्स्ली यांनी सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले. त्यांतील ८३.६ टक्के ब्राउझरांसारखा दुसरा एकही त्या संग्रहात नव्हता. चपलेचा ठसा पाहून माणूस ओळखावा तसे हे. अलीकडचे काही ब्राउझर मुद्दाम एकसारखे दिसण्याचा प्रयत्न करतात, तो याचसाठी.

पुष्कळांना वाटते, की ब्राउझरमधील 'इनकॉग्निटो' खिडकी उघडली की आपण अदृश्य झालो. ती खिडकी एवढेच करते, की बंद केल्यावर तुमच्याच यंत्रावर शोधांची नोंद व कुकी मागे ठेवत नाही. समोरच्या संकेतस्थळाला तुम्ही कोणत्या ठिकाणाहून आलात ते दिसतच असते. याबद्दल गूगलवर २०२० मध्ये अमेरिकेत दावा झाला आणि २०२४ च्या तडजोडीत अशा खिडक्यांतून गोळा झालेल्या नोंदी नष्ट करण्याचे कंपनीने मान्य केले.

वही न लिहिणारी शोधयंत्रे आहेत का? आहेत. अमेरिकेत गॅब्रिएल वाइनबर्ग यांनी २००८ मध्ये डकडकगो सुरू केले. हॉलंडचे स्टार्टपेज, फ्रान्सचे क्वांट, इंग्लंडचे मोजीक ही आणखी काही नावे. शोधांची माणसागणिक नोंद ठेवत नाही, असे त्यांचे वचन आहे. मग त्यांचे पोट कसे भरते, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तो अगदी योग्य आहे. तीही जाहिराती दाखवतात, पण शब्दावरून, माणसावरून नव्हे. तुम्ही 'सायकल' शोधली, की सायकलच्या दुकानाची जाहिरात. त्यासाठी तुमचे वय किंवा कालचे शोध ठाऊक असण्याची गरज नाही. वर्तमानपत्रे शंभर-दीडशे वर्षे हेच करत आली.

आतील रचना मात्र सर्वांची एक नाही. स्वतःची सूची तयार करणे फार खर्चाचे काम. मोजीक ते करते. २०२१ पासून सुरू झालेले ब्रेव्ह सर्चही स्वतःची सूची वापरते. स्टार्टपेज मात्र तुमचा प्रश्न घेऊन गूगलकडे जाते आणि तुमचे नाव न सांगता उत्तर आणून देते, जसे आपण शेजारच्या मुलाला दुकानात पाठवतो. डकडकगोचे नेहमीचे निकाल बरेचसे मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात. अशा उसनवारीला अटी असतात. २०२२ मध्ये उघडकीस आले, की डकडकगोच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये इतर कंपन्यांचे माग काढणारे तुकडे अडवले जात होते, पण करारामुळे मायक्रोसॉफ्टचे काही तुकडे दुसऱ्या संकेतस्थळांवर सोडले जात होते. टीका झाल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये तेही अडवायला सुरुवात झाली. वचन देणाऱ्याचीही तपासणी व्हावी लागते ती अशी.

या यंत्रांचा तोटाही सांगितला पाहिजे. तुम्ही कोठे आहात हे नेमके ठाऊक नसल्याने जवळचे दुकान किंवा आजचा पाऊस शोधताना गावाचे नाव लिहावे लागते. आणि शाळेच्या किंवा घरच्या जोडणीवरून तुम्ही कोणत्या संकेतस्थळावर गेलात, हे जोडणी देणाऱ्याला कळू शकतेच. प्रश्न कोणता विचारला हे मात्र सहसा कळत नाही, कारण तो कुलूपबंद भाषेत जातो. मराठी शब्दांना ही यंत्रे कशी उत्तरे देतात, ते तुम्हीच 'पीठ', 'कर', 'तार' असे दोन अर्थांचे शब्द टाकून पाहावे.

एवढे पर्याय असून बहुतेक लोक एकच यंत्र का वापरतात? ते चांगले आहे म्हणून, हे एक कारण. दुसरे असे, की नवा मोबाईल घेतला की त्यात तेच आधीपासून लावलेले असते आणि आपण ते बदलत नाही. या आळसाची किंमत मोजता येते! अमेरिकेतील एका खटल्यात उघड झाले, की आपले शोधयंत्र इतरांच्या मोबाईलवर व ब्राउझरवर आधीपासून लावून मिळावे म्हणून गूगलने एकट्या २०२१ सालात २,६३० कोटी डॉलर मोजले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने आपली मक्तेदारी बेकायदेशीर रीतीने टिकवली असा निकाल दिला. गूगलच्या खात्यातही 'वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी' नावाची कळ आहे, ती बंद केली की शोधांची नोंद खात्यात जमत नाही. जून २०२० नंतर उघडलेल्या खात्यांत जुनी नोंद १८ महिन्यांनी आपोआप पुसली जाते, पण ती मुदत तीन महिन्यांवरही आणता येते.

आता शाळेत करण्याजोगा प्रयोग. संगणक-कक्षातील चार संगणक घ्या. दोघांवर ब्राउझर कोरा ठेवा, म्हणजे कुकी पुसून, कोणत्याही खात्यात न शिरता. तिसऱ्यावर शिक्षकांनी आपल्या खात्यात शिरावे. चौथ्यावर नोंद न ठेवणारे एखादे शोधयंत्र उघडा. वीस शब्द आधी कागदावर लिहून ठेवा. त्यांत काही दोन अर्थांचे, काही वादाचे, काही जागेशी संबंधित असे घ्या. फळ्यापाशी एकाने 'एक, दोन, तीन' म्हणावे आणि चौघांनी एकदम कळ दाबावी. प्रत्येकाने पहिल्या दहा निकालांची संकेतस्थळे उतरून घ्यावीत. जाहिराती मोजू नयेत. हल्ली काही यंत्रे यादीच्या वर आपणच रचलेले तयार उत्तर दाखवतात. तेही मोजू नये, पण आले की नाही याची खूण करावी.

मग दोन कोऱ्या संगणकांच्या याद्यांत किती संकेतस्थळे वेगळी आहेत ते पाहा. हा तुमच्या उपकरणाचा गोंगाट. वीस शब्दांची सरासरी काढा. नंतर पहिल्या कोऱ्या संगणकाची यादी तिसऱ्याशी ताडून तीच सरासरी काढा आणि तिच्यातून गोंगाट वजा करा. चौथ्या संगणकाशी होणारा फरक याच रकान्यात लिहू नका. तेथे सूचीच दुसरी आहे, ओळख नव्हे. एका खात्यावरून निष्कर्ष काढायचा नसेल, तर आणखी दोन-तीन शिक्षकांना बोलवावे लागेल. विद्यार्थ्यांची खाती या प्रयोगासाठी वापरू नयेत. पडद्यावर शब्द लिहू लागले, की जुने शोध खाली आपोआप उमटतात, आणि ते सगळ्या वर्गाने वाचावेत असे कोणालाच वाटत नाही. शिक्षकांनीही खात्यात शिरण्यापूर्वी याचा विचार करावा!